बंबवाल्यांच्या घरचं गवत

ओबरग्राबेन, सोमवार, २३ जुलै १९७९

तियार्क्सबाई,

तुम्ही मला ओळखत नाही, पण तुमचा चहा मी आता ओळखते. तुमच्या हायोने पार्सल फोडलं आणि एक पुडा माझ्या हातात ठेवला. म्हणाला, "आईने पाठवलाय, तुमच्यासाठी." इतका काळा चहा आमच्याकडे घोड्यालासुद्धा देत नाहीत. तरी प्याले. पिऊन झाल्यावर दोन खिडक्या पुसून काढल्या, म्हणजे त्यात दम आहे.

मी वाल्बुर्गा श्टॉकिंगर. मार्चपासून तुमचा मुलगा आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो ती घरवाली. शाळा मी चार हिवाळे केली, तीही गोठ्यात काम नसेल तेव्हा, म्हणून अक्षराला हसू नका.

पोरगा वाईट नाही. डेअरीत चीज करतो, बूट पायरीवर काढतो, ताट चाटूनपुसून साफ करतो. फक्त बोलत नाही. न बोलणारा माणूस म्हणजे एक तर मुका, नाहीतर काहीतरी पोटात ठेवून बसलेला. मुका तो नाही, मी त्याला गायीशी बोलताना ऐकलंय.

आता कामाचं. आमच्याकडे आग विझवायला पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की गावातलेच बाप्ये हातातलं टाकून पळतात. माझा मुलगा कॉर्बिनियान त्या पथकाचा प्रमुख, त्याच्या आधी त्याचा बाप होता. हायो आल्या आल्या पथकात नाव घालून आला. तुमच्याकडेही तो पथकात होता म्हणे. जूनच्या सतरा तारखेला नवा बंब आला. फादरनी त्याच्यावर पाणी शिंपडलं आणि मी त्याची धर्ममाता झाले. धर्ममातेने रिबीन बांधायची, भाषणं ऐकायची आणि सगळ्यांना आपल्या अंगणात पाजायचं. तीन गावांची पथकं आली होती, बॅंड होता, तंबू असा की त्यात आमचं चर्च मावलं असतं.

आणि गेल्या गुरुवारी, दुपारच्या कॉफीच्या वेळेला, एडमुंडचं गवताचं कोठार जळालं. एडमुंड पथकाचा झेंडा धरतो. ढग नाही, वीज नाही, आत माणूस नाही, आणि कोठार गेलं. भोंगा झाला तेव्हा कॉर्बिनियान शेतात होता. तो धावत पोचला तर तुमचा हायो बंबाच्या घराच्या दारात उभा, बूट चढवलेले, हेल्मेटचा पट्टासुद्धा लावलेला. विम्मर आमचा बंब चालवतो. तो मला म्हणाला, "वाल्बुर्गा आजी, हा माणूस भोंग्याच्या आधी आला का हो?"

मी म्हटलं, "डेअरीची भिंत बंबाच्या घराच्या भिंतीला लागून आहे, गाढवा."

पण त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून विचारते, राग मानू नका. लहानपणी कसा होता हा? काड्यापेटीचा नाद होता का? आणि इतक्या लांब का आला? समुद्राकाठी चीज होत नाही का?

वाल्बुर्गा श्टॉकिंगर


वेस्टरडायख, शनिवार, २८ जुलै

श्टॉकिंगरबाई,

चहात आधी खडीसाखर घालतात, वरून साय सोडतात आणि चमचा लावायचा नाही. असा पिऊन बघा. घोड्यालाही तसाच आवडतो.

हायोला तुम्ही पोटभर घालता हे वाचून बरं वाटलं. तो लिहितो तेव्हा खाण्याबद्दल लिहितो, स्वतःबद्दल नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगते. सात वर्षांचा होता. एप्रिलात थंडी परत फिरली आणि कोंबडीची पिल्लं गारठली. याने काय करावं? खुराड्यात पत्र्याचा डबा ठेवला आणि त्यात कोळसे पेटवले. पिल्लं वाचली, खुराडं गेलं. काजळीने माखलेलं तोंड घेऊन माझ्यासमोर उभा राहिला, माझाच एप्रन गुंडाळून त्यात अकरा पिल्लं. बारावं आणायला परत निघाला होता, बापाने कान धरून थांबवला. त्याचे कान तेव्हापासून थोडे पुढे आलेत, बघितलं असेल तुम्ही. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, मेनोला आवडत नाही. मेनो म्हणजे माझा नवरा. तोही तेवीस वर्षं पथकात होता. हल्ली घरीच बसून असतो.

लांब का आला म्हणता? तरुण माणसाला डोंगर बघावेसे वाटतात. इथे उंच म्हणजे एक समुद्राचा बांध.

एक मीही विचारू? हायोने जूनमध्ये लिहिलं होतं की तंबू उभारायला सगळे हात हवेत म्हणून तुमच्या पथकातल्या लोकांनी गवत एकाच शुक्रवारी आत घेतलं. ते किती दिवस उन्हात होतं? एडमुंडचं किती? आणि तुमचं?

गेशे तियार्क्स


ओबरग्राबेन, शनिवार, ४ ऑगस्ट

तियार्क्सबाई,

मी आगीचं विचारते आणि तुम्ही गवताचं. गवत ते काय, कापलं, वाळलं, आत गेलं. आमचं खडखडीत होतं. मी चार पोरं वाढवली आहेत, कुणी विषय बदलला की मला लगेच वास येतो.

परवा विम्मरचं कोठार गेलं. तेच, भर दुपारी. कोठाराला लागून त्याचा गोठा, तोही अर्धा गेला. वासरू एक होतं, ते सुटलं. आणि भोंग्याला पहिला कोण? तुमचा.

आता नीट ऐका. त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, मी विम्मरच्या कुंपणापाशी झुडपांवरच्या बेरी तोडत होते. लाल बेरी कुंपणाच्या त्याच्या बाजूला जास्त येतात, ते जाऊ द्या. तर हायो त्याच्या कोठारातून बाहेर आला. काखेत काहीतरी लांब, माणसाहून लांब, गोणपाटात गुंडाळलेलं. मी हाक मारली, "काय रे, विम्मरकडे काय विसरला होतास?"

"काही नाही, आजी."

"आणि गोणपाटात?"

"लोखंड."

"लोखंडाला चादर कशाला लागते?"

यावर तो हसला. मला ते हसणं आवडलं नाही. विम्मर मागून आला, त्याचं तोंड लाल झालेलं. मला बघून म्हणाला, "हवा छान आहे, नाही?" विम्मरने जन्मात कधी हवेबद्दल चांगला शब्द काढलेला नाही.

काल संध्याकाळी सहाला पथकाची बैठक झाली. मी बाहेर बाकावर वाटाणे सोलत होते, खिडकी उघडी होती, यात माझा काय दोष. एडमुंड म्हणाला, "दोन्ही घरं पथकातली. ज्याला पथकावर राग आहे असा कुणीतरी आहे." कुणी नाव घेतलं नाही, सगळे बूट मात्र एकाच दिशेला वळले. मग विम्मर म्हणाला, "पाहुण्याने काही दिवस हेल्मेट इथेच ठेवावं, सगळ्यांच्या समाधानासाठी." हायोने पट्टा सोडला, हेल्मेट खुंटीला लावलं आणि निघाला. माझा कॉर्बिनियान एक शब्द बोलला नाही. प्रमुख आहे, तोलून मापून बोलतो, बापासारखा. मला अभिमान वाटला.

मी त्याची खोली झाडायला गेले. झाडताना माणसाला दिसतं ते दिसतं. पलंगाखाली ते गोणपाट आहे. उघडायला गेले तर टोकाला असं काही टोचलं की अजून अंगठ्याला पट्टी आहे. तुमची पत्रं उशीखाली आहेत. ती मी वाचली नाहीत, तुमचं अक्षर फार बारीक आहे.

आणि तुमचे ते डोंगर. पाच महिन्यांत हा माणूस एकदाही डोंगरावर गेलेला नाही. रविवारी शेतांमधून फिरतो आणि लोकांच्या कोठारांना नाक लावून वास घेतो. फादरच्या स्वयंपाकीणबाईनेही बघितलंय.

आमचा पोलीस प्रांडल घरी येऊन कॉफी पिऊन गेला. इकडचं तिकडचं बोललो.

तुम्ही काय लपवताय?

वाल्बुर्गा


वेस्टरडायख, बुधवार, ८ ऑगस्ट

वाल्बुर्गाबाई,

काल माझ्या स्वयंपाकघरात पोलीस बसला होता. टोपी टेबलावर, माझ्या पावाच्या शेजारी. खिशातून टाइप केलेला कागद काढला आणि मला वाचून दाखवला. खुराडं. पत्र्याचा डबा. कोळसे. अकरा पिल्लं.

अकरा हा आकडा हायो आणि मी सोडून दोनच माणसांना माहीत आहे. एक मेनो, तो त्या दिवशी तिथेच होता. दुसऱ्या तुम्ही. इकडचं तिकडचं बोललात म्हणे.

आता मी काही लपवत नाही, लपवायला तुम्ही काही ठेवलेलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचं कोठार आणि गोठा जळाला. आत सतरा गायी होत्या. मेनो तेव्हा आमच्या पथकाचा प्रमुख होता. त्या वर्षी जूनमध्ये पाऊस येणार येणार म्हणून त्याने गवत ओलसर असतानाच आत घेतलं. ओलं गवत दाबून भरलं की आतल्या आत तापतं, महिना दीड महिना तापत राहतं आणि एक दिवस स्वतःच पेटतं. त्याला काडी लागत नाही. हे शेतकऱ्याला माहीत असतं आणि बंबवाल्याला तर तोंडपाठ असतं. त्याचसाठी प्रत्येक पथकाकडे एक लांब कांब असते, टोकदार, आत ताप मोजायचा काटा. ती गवतात खुपसायची. साठ अंशांच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी येऊन गवत उपसायचं. तुमच्या अंगठ्याला टोचली ती हीच. जुनी आहे, आमच्या पथकाने नवी घेतली तेव्हा हायोने मागून घेतली.

हायोने ती आमच्या गवतात घातली. ऐंशी. त्याने बापाला सांगितलं. मेनो म्हणाला, "प्रमुखाच्या घरी भोंगा? साऱ्या वेस्टरडायखला कळू दे की मेनो तियार्क्सला गवत वाळवता येत नाही?" दोघांचं अंगणात असं भांडण झालं की पलीकडच्या शेतातले लोक काम थांबवून उभे राहिले. तिसऱ्या दिवशी कोठार गेलं. गावाने हिशेब केला: पोरगा बापाशी भांडला आणि तीन दिवसांत कोठार जळालं. पोलिसांना काही सापडलं नाही, पण लोकांना सापडायची गरज नसते. मेनोने तोंड उघडलं नाही. शेजाऱ्यांनी हायोला दूध देणं बंद केलं, मग रामराम बंद झाला, मग तो तुमच्याकडे आला.

आता तुमच्या गावाचं. हायोचं जूनचं पत्र माझ्यासमोर आहे, शब्दाला शब्द उतरवते: "इथे सगळ्यांनी एकाच दिवशी ओलं गवत आत घेतलं, तंबू उभारायचा म्हणून. मी प्रमुखांना सांगितलं की मोजायला हवं. ते म्हणाले, सणाच्या आठवड्यात हे तोंडातून काढू नकोस." गेल्या आठवड्यात लिहितो: "विम्मरकडे गेलो, सत्तरच्या वर होतं. त्याने हाकलून दिलं. म्हणाला, विमावाल्यांना कळलं तर तुला बघून घेईन."

कोण गप्प बसलं होतं बैठकीत? कुणाचा अभिमान वाटला तुम्हाला?

तुमच्या मुलाला विचारा. त्याच्याही आधी तुमच्या माळ्यावर चढा आणि त्या खडखडीत गवतात हात कोपरापर्यंत घाला. मग मला लिहा. किंवा लिहू नका.

गेशे तियार्क्स


ओबरग्राबेन, गुरुवार, १६ ऑगस्ट

गेशेबाई,

तुमचं पत्र शनिवारी अकराच्या सुमारास आलं. मी ते चुलीपाशी उभ्याने वाचलं आणि शिडी लावली. एकोणऐंशीव्या वर्षी शिडी चढताना माणूस फक्त पुढच्या पायरीचा विचार करतो, ते बरं पडलं.

वर वास होता. गोड. जळक्या साखरेचा आणि तंबाखूचा. हा वास मला लहानपणापासून माहीत आहे, खालून येत होता तेव्हाही मला कळत होतं, आणि मी म्हणत होते की शेजारची मोलकरीण साखरेचा पाक जाळतेय. हात घातला. कोपरापर्यंत कुठला, मनगटाला बाहेर काढला.

कॉर्बिनियान अंगणात ट्रॅक्टरखाली होता. मी त्याच्या बुटांशी बोलले.

"कधीपासून तापलंय?"

"काय?"

"माझ्या हाताला वेड्यात काढू नकोस. भाजलाय."

 बुटांकडून आवाज आला, "दोन आठवडे."

"आणि तू त्या पोराला हेल्मेट खुंटीला लावू दिलंस?"

तो बाहेर आला. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, तोंडावर ग्रीस, आणि असा बघत होता जसा चौथीत असताना फादरचं सफरचंद चोरून आला होता तेव्हा. "आई, प्रमुखाच्या घरी भोंगा वाजला तर उद्यापासून माझं कोण ऐकणार? दुपार उतरू दे, मी एकटा उपसतो, कुणाला कळणार नाही." मग म्हणाला, "आणि आत घ्या कुणी म्हटलं होतं? तूच ना?"

तेही खरं. आता तुम्हाला सांगते. त्या शुक्रवारी गवत एक दिवस कापून पडलं होतं. फक्त एक. मीच म्हटलं होतं, तीन गावांची पथकं माझ्या अंगणात येणार, बंबाची धर्ममाता मी, आणि समोरच्या शेतात गवत लोळत पडलेलं दिसणार? आत घ्या. माझ्या घरात गवत चाललं म्हटल्यावर एडमुंडने घेतलं, विम्मरने घेतलं, आणखी दोघांनी घेतलं. प्रमुखाच्या घरी चालतं तर आपल्याकडे का नाही. "खडखडीत होतं" असं मी तुम्हाला लिहिलं, ते खोटं होतं आणि लिहिताना मला ठाऊक होतं.

बंबाच्या घराची किल्ली आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला असते. ती काढली आणि निघाले. कॉर्बिनियान मागून ओरडला, "आई, परत ये!" मला ऐकू कमी येतं, विशेषतः मागून.

पोचले तेव्हा बारा वाजत होते. तुम्हाला माहीत नसेल, आमच्याकडे शनिवारी बाराला भोंगा तपासतात. एकच लांब सूर, सगळा गाव त्यावर घड्याळ लावतो आणि सूप वाढतो. तो सूर संपतो न संपतो तोच मी पेटीची काच फोडली आणि बटण दाबलं. तीनदा, मध्ये थांबून, जसं आगीला दाबतात तसं. आणि कोण आलं? कुणी नाही. सगळा गाव सूप पीत होता आणि म्हणत होता, शनिवार आहे. वीस वर्षांत त्यांनी कधी सूर मोजलेच नव्हते.

एक माणूस आला. डेअरीतून, पांढरा एप्रन, रबरी बूट, हाताला दही.

"तुम्ही वाजवलात?" हायोने विचारलं.

"तीनदा."

"कुठे?"

"माझ्याकडे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघून घे, पण लवकर. तो खुंटीपर्यंत गेला, हेल्मेटला हात लावला नाही, पाइप उचलले. म्हणाला, "पुन्हा दाबा, सोडू नका. आणि एक लक्षात ठेवा, पाणी तयार झाल्याशिवाय गवताला कुणी हात लावायचा नाही. उकरलं की हवा आत जाते आणि भडका उडतो." मी बटण धरून बसले, शेवटी विम्मर गळ्यात रुमाल खोचून ओरडत आला, "कोण गाढव तिथे..." आणि मला बघून थांबला.

"आजी गाढव," मी म्हटलं. "गाडी काढ."

आम्ही पोचलो तर कॉर्बिनियान माळ्यावर एकटा, दाताळं घेऊन गवत उकरत होता. एकही पाइप लावलेला नाही. कौलांमधून धूर यायला लागला होता. हे सगळं ज्याने इतरांना शिकवलं तो माणूस. हायो खालून ओरडला, "खाली या! प्रमुख, खाली उतरा!" एक क्षण असा गेला की मला वाटलं हा उतरणार नाही, लाजेने तिथेच उभा राहील. मी काही म्हटलं नाही. मी म्हटलं असतं तर तो नक्की उतरला नसता. मग दाताळं टाकलं आणि उतरला.

पुढे साडेतीन तास. पाणी लावलं आणि एकेक थर उपसला. वरचं गवत हिरवं, त्याखाली तपकिरी, तपकिरीखाली काळं. दोनदा ज्वाळा आली, दोन्ही वेळा पाणी तिथेच होतं. गायी कुरणात होत्या. घर आहे, गोठा आहे. अंगणात ते सगळं काळं गवत पसरलं आणि गाव कुंपणाला टेकून बघत राहिला. विम्मरने बुटाने ते काळं गवत उलटून बघितलं. मग एडमुंडला म्हणाला, "आमचंही असंच होतं."

एडमुंड म्हणाला, "मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

प्रत्येकाला आपल्या घरचं माहीत होतं. उरलेल्या दोघांनी त्याच संध्याकाळी हायोला कांब घेऊन बोलावलं. एकाकडे पंचेचाळीस, दुसऱ्याकडे अठ्ठावन्न. रोज मोजतोय.

मी कॉर्बिनियानला म्हटलं, पंधरा तारखेला मारियेचा सण आहे, मिस्सेच्या प्रार्थनेनंतर पथक गणवेशात चर्चसमोर उभं असतं, बायका फादरच्या आशीर्वादासाठी आणलेल्या औषधी पाल्याच्या जुड्या घेऊन असतात. तिथे तू बोल. नाहीतर मी बोलते, आणि माझं तोंड तुला माहीत आहे. तो बोलला. चार वाक्यं. "मला जूनपासून माहीत होतं. मला सांगितलं गेलं होतं. मी गप्प बसलो आणि एका निर्दोष माणसाला गप्प बसवलं. प्रमुखपद सोडतो." मग त्याने स्वतः हेल्मेट नेऊन दिलं. हायोने हेल्मेट घेतलं. हात पुढे आला होता, तो घेतला नाही. मी असते तर मीही घेतला नसता.

प्रांडलकडे गेले. म्हटलं, मी बोलले ते फाड. तो म्हणाला, फाडता येत नाही, जोडता येतं. मग मी जोडलं. स्वतःच्या हाताने, दीड पान, सकाळ गेली. पिल्लं वाचवणाऱ्या पोराची गोष्ट मी कशी विकृत करून सांगितली, कुणाच्या सांगण्यावरून नाही, माझ्याच डोक्याने. कागद तुमच्या पोलिसाकडे येईल. तो पुन्हा टोपी टेबलावर ठेवील, ठेवू द्या.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुम्हाला द्यावी लागेल, आणि तुम्ही अजून काही दिवस रागावलेलं असणं योग्य आहे.

पण आता तुमच्याबद्दल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही लिहिलंत, मेनोने तोंड उघडलं नाही. बरं. तुम्ही? तुम्ही तिथेच होतात. ऐंशी हा आकडा तुम्हालाही माहीत होता. पोराला दूध बंद झालं, रामराम बंद झाला, तेव्हा तुम्ही काय करत होतात? मला सांगितलंत. मी हजार किलोमीटर लांब आहे, मला सांगून काय उपयोग? तुमच्या शेजारणीला सांगितलंत का? दूधवाल्याला?

माझ्या गावाने हायोवर दोन आठवडे संशय घेतला. तुमच्या गावाने दोन वर्षं. आणि मी त्याच्यावर संशय घेतला तेव्हा तो माझा कुणी नव्हता.

मला हे लिहायचा हक्क नाही. तरी लिहिलं.

वाल्बुर्गा


वेस्टरडायख, सोमवार, २७ ऑगस्ट

वाल्बुर्गाबाई,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी ते पेटत्या चुलीवर धरलं होतं. मग बाजूला ठेवलं. चार दिवस ते फडताळात होतं आणि मी त्या फडताळातली भांडी वापरली नाहीत.

शुक्रवारी आमच्या पथकाचा सराव असतो. संध्याकाळी पाच वाजता, सगळे बांधाखाली पाइप धुतात. मी सायकल काढली. मेनोने विचारलं, "कुठे?" दोन वर्षांत त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मी म्हटलं, "तुझ्या लोकांकडे. गवताचं सांगायला." तो उठला. मला वाटलं अडवणार. त्याने फक्त खिडकी लावून घेतली.

तिथे तीसेक माणसं होती. निम्म्यांचे लंगोट मी वाळत घातलेत. मी सायकलवरून उतरले नाही. म्हटलं, आमचं कोठार हायोने जाळलं नाही. गवत ओलं होतं. ऐंशी होतं. हायोने सांगितलं, मेनोने भोंगा वाजवू दिला नाही. मला माहीत होतं आणि मी दोन वर्षं तुमच्या तोंडावर गप्प राहिले, कारण नवऱ्याची लाज ती माझी लाज असं मला वाटत होतं, आणि पोरगा तरुण आहे, सोसेल, असंही.

 एकाने पाणी बंद केलं. नवा प्रमुख हार्म, ज्याने हायोशी बोलणं सगळ्यात आधी सोडलं होतं, तो म्हणाला, "गेशेकाकी, हे आत्ता का सांगताय?" मी म्हटलं, "आधी सांगायला हवं होतं म्हणून." मग मी सायकल वळवली.

शनिवारी पावाच्या दुकानात माझ्याशी कुणी बोललं नाही. रविवारीही नाही. आता माझी पाळी आहे, ते ठीक आहे. मेनो माझ्याबरोबर टेबलावर जेवत नाही, ताट घेऊन नव्या गोठ्याच्या ओसरीवर बसतो. पण बसतो बाहेर, उजेडात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा. हे आधी नव्हतं.

आज सकाळी हार्म आला. दारातच उभा राहिला. म्हणाला, हायोच्या हेल्मेटची खुंटी त्यांनी कुणाला दिली नव्हती, पण नावाची पट्टी काढली होती. ती पुन्हा लावली आहे. एवढंच सांगून गेला.

मी हायोला लिहायला तीनदा बसले आणि नाही जमलं. तुम्हीच सांगा, तुमच्या पद्धतीने, गोड करू नका. त्याच्या आईने उशिरा का होईना तोंड उघडलं. त्याने यायलाच हवं असं नाही. येऊ शकतो, एवढं सांगा.

गेशे